ओपन सोर्स मेल सर्व्हरला हातभार लावायचाय, सुरुवात कुठून करू?

टॉवेलवाला_ॲडमिन
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर, नेटवर्क सगळं सांभाळतो. आमचा मेल पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर) आणि डव्हकॉटवर (मेलबॉक्स सांभाळणारा) चालतो, बाहेरच्या ऑर्डरी, शिपिंगचे कागद, बँकेचं काम सगळं त्यावरच. इतकी वर्षं हे फुकटात वापरायलोय, तर आता आपणबी त्यात काहीतरी भर घालावी असं मनापासून वाटायलंय. कॉलेजात शिकलो तेवढी सी येते, पायथन आणि शेल स्क्रिप्ट रोज लिहितो, जावा वाचून कळते, गिट येतं. पण कोड उघडला की कुठनं धरावं तेच समजत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर मिळतो आणि रविवार. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम. कुठला प्रोजेक्ट घेऊ? पहिलं काम काय करू? आणि इंग्रजी वाचतो नीट पण लिहिताना अडखळतो, तिथं चालेल का?

क्यू_मॅनेजर
प्रोजेक्ट कुठला ते दोन दिवसांनी ठरवा, आधी एक मेल हाताने पाठवून बघा. लॅपटॉपवर पोस्टफिक्स टाका, टेलनेटने (सर्व्हरशी हाताने टाइप करून बोलायचं साधं टूल) २५ नंबरच्या, म्हणजे मेलच्या, पोर्टला जोडा. सर्व्हर २२० म्हणतो, तुम्ही हेलो करा, कुणाकडून ते सांगा, कुणाला ते सांगा, मग डेटा म्हणा, तो ३५४ देतो, तुम्ही मजकूर लिहा आणि शेवटी एका ओळीत नुसता एक टिंब. तो २५० देतो. हा २५० म्हणजे रजिस्टर पोस्टाची पावती समजा. आरएफसी ५३२१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची कागदपत्रं) स्पष्ट आहे की एकदा हे उत्तर दिलं की त्या मेलची जबाबदारी सर्व्हरची, एकतर पुढे पोचवायचा नाहीतर पाठवणाऱ्याला परत कळवायचं, मधेच गायब करायचा नाही.

आता कोडमध्ये शोधा की हा २५० नेमका कुठून जातो आणि तो जायच्या आधी काय काय होतं. पोस्टफिक्समध्ये मेल घेणारा प्रोग्राम वेगळा, तो क्लीनअपकडे देतो, क्लीनअप क्यूच्या (मेल पुढे जाण्याची रांग) फाईलमध्ये लिहितो, ती फाईल डिस्कवर पक्की झाली की मगच २५० जातो, म्हणजे त्याच क्षणी लाईट गेली तरी मेल राहतो. तिथून पुढे क्यू मॅनेजर उचलतो. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना पोस्टफिक्स लिहिलं, १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, आणि प्रत्येक सी फाईलच्या डोक्यावर ती फाईल काय करते ते मॅन पेजसारखं लिहून ठेवलंय. नुसत्या त्या कॉमेंटी वाचत गेलात तरी अर्धा नकाशा डोक्यात बसतो. एका मेलचा असा सगळा प्रवास कोडमधून बघितला की बाकीचा कोड घाबरवत नाही, हे मी खात्रीने सांगतो. आणि मेल सर्व्हरचे लोक नवीन पॅचकडे (कोडमधला सुचवलेला बदल) इतकं बारकाईने का बघतात तेही कळतं, तुमच्या दोन ओळींनी कुणाचातरी मेल हरवू शकतो.

फक्त एक, पोस्टफिक्सचं काम गिटहबवर पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) टाकून होत नाही, मेलिंग लिस्टवर चर्चा होते, तिथं पॅच जातो. वाचायला उत्तम, पहिल्या पॅचसाठी थोडं अवघड.

विजापूर_रोड
वरच्या दादांनी सांगितलेलं आधी कराच. पण प्रोजेक्ट म्हणून मी डॉकर-मेलसर्व्हर सांगेन. त्यात आत तुमचंच पोस्टफिक्स, डव्हकॉट, जोडीला आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा), फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणारा) असं सगळं एका कंटेनरमध्ये बसवलेलं आहे, आणि त्यांचा स्वतःचा बराचसा कोड म्हणजे शेल स्क्रिप्ट आणि बॅट्समध्ये (शेलसाठीचं टेस्टिंगचं टूल) लिहिलेल्या टेस्टा. तुम्हाला शेल येतं, दोन्ही सर्व्हर रोज चालवता, म्हणजे पहिल्या दिवसापासून कामाचे. क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारा) बंद ठेवा, ते एकटंच खूप रॅम खातं, बाकी ८ जीबीत निवांत चालतं.

पहिलं काम म्हणाल तर कोड नकाच लिहू. इश्यूंमध्ये लोक अडचणी टाकतात, त्यातली एक घ्या, तीच सेटिंग आपल्याकडे करून बघा तसंच होतं का, आणि काय झालं ते लिहा. होतंय, होत नाही, अमुक आवृत्तीत होतं आणि तमुकमध्ये नाही, एवढं सांगणारा माणूस मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) सोन्यासारखा वाटतो कारण त्यांचा सगळा वेळ त्यातच जातो.

जेम्सवाली
मी मूळची सोलापूरची, जुळे सोलापूर, आता पुण्यात. माझं मत थोडं वेगळं. डॉकर-मेलसर्व्हर चांगलंच आहे पण ते सर्व्हर बसवणं झालं, तुम्हाला सर्व्हरच्या आत शिरायचं असेल तर अपाचे जेम्स हा मेल सर्व्हर बघा. जावात आहे. त्यात मॅचर आणि मेलेट अशी रचना आहे, मॅचर ठरवतो कुठल्या मेलला हे लागू, मेलेट त्या मेलचं पुढे काय करायचं ते करतो. म्हणजे अटॅचमेंटच्या फाईलचं नाव अमुक असेल तर तमुक करा, असले छोटे छोटे तुकडे. एक तुकडा पूर्ण समजायला एक संध्याकाळ पुरते आणि त्याची टेस्ट शेजारीच असते, हे नवीन माणसासाठी फार मोलाचं.

जेम्सचं डिस्ट्रिब्युटेडवालं (अनेक मशीनवर चालणारं) घेऊ नका मात्र, त्याला कॅसांड्रा, ओपनसर्च, रॅबिटएमक्यू असे वेगळे जड सर्व्हर लागतात, तुमचा लॅपटॉप बसेल. मेमरीवालं घ्या, बाहेरचा डेटाबेस लागतच नाही. काम जिरावर (कामांची नोंद ठेवायची साइट) नोंदतात आणि बदल गिटहबवर पुल रिक्वेस्टने जातो. अपाचेत कमिटर (थेट बदल करायचा हक्क असलेला) होणं मागून मिळत नाही, काम बघून ते स्वतः बोलावतात, त्यामुळे सुरुवातीला त्याचा विचारच करू नका.

विजापूर_रोड
ताई, बसवणं कमी महत्त्वाचं आहे असं मला नाही वाटत. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी माणसं बहुतेक कोडमुळे अडत नाहीत, डीकेआयएम, एसपीएफ (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का ते तपासायच्या पद्धती), सर्टिफिकेट, रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव शोधणं) इथंच अडतात. तिथलं डॉक्युमेंटेशन सुधारणं हे पण सर्व्हरचंच काम.

जेम्सवाली
मान्य. त्यांना काय शिकायचंय त्यावर आहे.

टिंब_संपलं
सुरक्षेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रयोग कारखान्याच्या सर्व्हरवर अजिबात नको, लॅपटॉपवर करा आणि बाहेरच्या जगाला जोडू नका. कुणीही कुणालाही मेल पाठवू शकेल असा रिले चुकून उघडा राहिला तर स्पॅमवाले शोधत येतात. तसंही घरच्या इंटरनेटवर २५ चं पोर्ट बऱ्याचदा बंदच असतं. डोमेन म्हणून शेवटी डॉट टेस्ट लावा, ते टेस्टिंगसाठीच राखीव आहे. मेल पाठवून बघायला स्वाक्स नावाचं टूल घ्या, आणि पोस्टफिक्सच्या सोर्समध्ये (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायचे नियम) एसएमटीपी-सोर्स आणि एसएमटीपी-सिंक असे दोन छोटे प्रोग्राम आहेत, एक भराभर मेल सोडतो, दुसरा गिळतो.

वर टिंबाचं आलंय त्यावर अजून एक. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाचा प्रकार बाहेर आला. नियम असा की ओळ संपायला सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याची न दिसणारी दोन चिन्हं) दोन्ही पाहिजेत, मग टिंब, मग पुन्हा दोन्ही. काही सर्व्हर नुसत्या एलएफवर पण समाधान मानायचे. आता पाठवणारा सर्व्हर म्हणतो हा मजकूरच चाललाय आणि घेणारा म्हणतो मेल संपला, तर उरलेल्या मजकुरातून घेणाऱ्याला दुसराच मेल दिसतो, खोट्या नावाचा, आणि तो आलाय मात्र खऱ्या सर्व्हरकडून, त्यामुळे एसपीएफच्या तपासणीतून पण सुटतो. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल तिघांनाही दुरुस्ती काढावी लागली. पोस्टफिक्समध्ये त्यावेळी काय बदललं ते शोधून वाचा, इतक्या जुन्या आणि काळजीने लिहिलेल्या कोडमध्ये जुन्या क्लायंटांना न मोडता दुरुस्ती कशी करतात ते बघण्यासारखं आहे. आणि असलं काही तुम्हाला सापडलं तर इश्यूत उघडं लिहायचं नाही, बहुतेक प्रोजेक्टांचा सिक्युरिटीसाठी खाजगी पत्ता किंवा मार्ग असतो, तिथं कळवायचं.

टॉवेलवाला_ॲडमिन
खूप खूप आभार सगळ्यांचे. टेलनेटने आत्ताच करून बघितलं, २५० आल्यावर क्यूमधली फाईल पण बघितली, भारी वाटलं. एक विचारायचं होतं, मराठीचा काही उपयोग आहे का तिथं? म्हणजे भाषांतर वगैरे.

काना_मात्रा
भाषांतरापेक्षा टेस्टिंगमध्ये जास्त आहे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉट भारत डोमेन २०१४ पासून देवनागरीत मिळतं. ॲटच्या डावीकडचं नाव पण देवनागरीत चालावं म्हणून एसएमटीपीयूटीएफ८ आलं, आरएफसी ६५३१, २०१२ चा. पोस्टफिक्समध्ये ते ३.० पासून आहे, २०१५. पण आपली अक्षरं बघा. 'व्यापाऱ्यांसाठी' हा शब्द घ्या, त्यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ आणि हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक. दिसायला अगदी सारखे, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) केलं तरी एक होत नाहीत. म्हणजे एका कीबोर्डवरून मेलबॉक्स तयार केला आणि दुसऱ्या कीबोर्डवरून पाठवला तर काय होतं? ही टेस्ट मराठी टाइप करणाऱ्यालाच सुचणार.

तसंच आयमॅपच्या (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) फोल्डरचं नाव मराठीत ठेवा. जुन्या आयमॅपमध्ये ते यूटीएफ-७ च्या एका बदललेल्या रूपात जातं, २०२१ च्या नव्या आयमॅपमध्ये सरळ यूटीएफ-८. 'शिपिंगचे कागद' असं फोल्डर करा, शोधा, नाव बदला, पुसा, कुठं अडतं ते लिहून ठेवा. कुठल्याही सर्व्हरवर करता येतं.

क्यू_मॅनेजर
हे एकदम बरोबर सांगितलं. याच्यावरच काम करा, मी तर म्हणेन.

इंग्रजीचं राहिलंच. चालतं, अजिबात लाजू नका, जगभरातले लोक तिथं मोडकंतोडकं लिहितात. कुठली आवृत्ती, काय सेटिंग, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, एवढं छोट्या वाक्यात. लॉग जसाच्या तसा चिकटवा पण त्यातले गिऱ्हाइकांचे पत्ते आणि कंपनीचं डोमेन आधी काढा. एआयकडून वाक्यं नीट करून घेतली तर ठीक, पण स्वतः चालवून न बघितलेला पॅच किंवा रिपोर्ट पाठवू नका, ते तपासण्यात मेंटेनरचा वेळ जातो आणि तुमच्यावरचा विश्वास पण. आणि मालकांना एकदा सांगून ठेवा की घरच्या वेळेत हे करायलोय, कोडच्या हक्काचा प्रश्न नंतर यायला नको.

टॉवेलवाला_ॲडमिन
मालकांशी उद्याच बोलतो. ठरलं मग, डॉकर-मेलसर्व्हर बसवतो, त्यावर आधी मराठी फोल्डर आणि ऱ्या वालं करून बघतो, शेजारी एक-दोन इश्यू तपासतो. जेम्सचे मेलेट रविवारी वाचेन. सोलापुरात कुणाला सोबत बसायचं असेल तर सांगा, सात रस्त्याजवळ कुठंतरी भेटू.

विजापूर_रोड
मी येतो रविवारी. लॅपटॉप घेऊन या, आणि येण्याआधी डॉकर-मेलसर्व्हरची कॉन्ट्रिब्युटिंगची (हातभार कसा लावायचा ती) माहिती वाचून ठेवा, टेस्टा कशा चालवायच्या ते त्यात आहे. इमेज पण घरूनच डाउनलोड करून आणा, मोबाईलच्या नेटवर वेळ लागतो.