जीडीबीत 'विड्थ' बदलेना झालंय

खानापूरकर
उद्यमबागेत आमचं लहान फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. प्लेटीतून किती पीस निघतील ते काढायला मी सीमध्ये प्रोग्राम लिहिलाय. प्लेट 1250 मिलिमीटर, पीस 311, एका कटाला 2 जातात. प्रोग्राम 3 म्हणायलाय. मिस्त्रींनी खडूनं प्लेटीवर आखून 4 दाखवले, वर "कॉम्प्युटरला स्क्रॅप विकायचंय काय?" हे ऐकवलं.

जीडीबीत (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघायचं साधन, डीबगर) भागाकाराच्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, टाकून थांबलो. प्लेटीची रुंदी 'विड्थ' नावात ठेवलीय; 'प्रिंट विड्थ'ला 1250 बरोबर येतंय. रुंदी जरा वाढवून बघूया म्हणून 'सेट विड्थ=1252' दिलं, तर सिंटॅक्स एरर! 'सेट पीस=300' मात्र मुकाट्यानं घेतलं. मग विड्थनं काय घोडं मारलंय?

निपाणीवाला
विड्थ हे जीडीबीचं स्वतःचं सेटिंग पण आहे की. स्क्रीनवर ओळ किती अक्षरांना तोडायची, ते. त्याला वाटतंय तू तेच बदलायलास. 'सेट व्हार विड्थ=1252' दे. मी तर सगळीकडं व्हार लावतो, कुठलं नाव कधी आडवं येईल सांगता येत नाही.

टिळकवाडी_जुना
'प्रिंट विड्थ=1252' दिलंस तरी बदलतंय बघ. प्रिंट आख्खं एक्स्प्रेशन चालवतो, नुसतं दाखवत नाही. पण म्हणूनच जपून रे बाबा. तुलना करायला 'बरोबर'ची दोन चिन्हं (==) लागतात. मी एकदा एकच टाकलं आणि व्हॅल्यू आपणच बदलून अर्धा दिवस बग शोधत बसलो. आणि कधी व्हॅल्यूच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' (कंपाइलरनं ती व्हॅल्यू गाळलीय) दिसलं तर कंपाइलरला -O0 आणि -g हे पर्याय लावून परत कंपाइल कर.

खानापूरकर
व्हार लावल्यावर घेतलं! पीस परत 311 केला, विड्थ 1252, 'नेक्स्ट' दिलं, उत्तर 4. म्हणजे शेवटच्या पीसनंतरपण मी कट धरायलोय, तिथं तर प्लेटच संपते. पण परत 'रन' केलं तर विड्थ 1250च?

निपाणीवाला
मेमरीत बदललास, फायलीत नाही. त्या रनपुरतंच ते. आता फॉर्म्युला दुरुस्त कर: विड्थमध्ये एक कट मिळव, मग पीस अधिक कटनं भाग.

खानापूरकर
केलं. 1252 भागिले 313, बरोबर 4. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणतात, "हे मी सकाळीच सांगितलेलं की."