यांकीज आणि रेड सॉक्स : बाहेरून आलेल्याला ही खुन्नस आपली म्हणता येते का?

फ्रेमिंगहॅमकर

२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. त्या रात्री यांकी स्टेडियमवर न्यूयॉर्कच्या यांकीज आणि आमच्या बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीममधली वाइल्ड कार्डची, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याची, तिसरी, निकालाची मॅच होती. पहिली आम्ही ३-१ ने घेतली होती, दुसरी त्यांनी ४-३ ने. तिसरीला यांकीजने कॅम श्लिटलर नावाचा नवखा पिचर (चेंडू टाकणारा) उतरवला. त्याने नऊपैकी आठ इनिंग टाकल्या, बारा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि एकही रन दिली नाही. ४-० ने हरलो. सीझन तिथेच संपला.

हा पोरगा मूळचा मॅसॅच्युसेट्सचाच, वॉलपोलचा. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडून खेळलेला. आठवी इनिंग संपवून तो डगआउटकडे निघाला, तेव्हा माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. डोक्यावर रेड सॉक्सची टोपी असताना! मी चिडून बोललो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तो इथलाच आहे. तुम्ही सांगलीचे. मग राग तुम्हाला का येतोय?"

त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता लिहितो.

मी २००३ च्या उन्हाळ्यात इकडे बोस्टनकडे आलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांच्याकडे टीव्ही होता, पण मॅच ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवरच ऐकत. बेसबॉलचं पहिलं अक्षर मी त्या टेबलावर शिकलो. बेब रूथ या थोर खेळाडूला बोस्टनच्या मालकाने १९१९ च्या डिसेंबरात एक लाख डॉलरला न्यूयॉर्कला विकलं, हे त्यांनी मला घरातली जमीन कुणी गहाण टाकली हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. आणि १९७८. जुलैमध्ये यांकीज तक्त्यात आमच्या चौदा गेम मागे होते. त्यांनी ती तूट भरून काढली आणि शेवटी दोघं बरोबरीत आले. फेनवेवर, म्हणजे आमच्या मैदानावर, एकच मॅच, सगळा निकाल त्यावर. सातव्या इनिंगमध्ये यांकीजच्या बकी डेंटने डावीकडच्या त्या हिरव्या भिंतीवरून तीन रनांचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला. त्याआधी अख्ख्या सीझनमध्ये त्याचे होमरन होते चार! ती मॅच ५-४ ने गेली. तारीख होती २ ऑक्टोबर. होय, तीच.

२००३ च्या ऑक्टोबरात यांकीजशी लीगच्या फायनलची सातवी मॅच. आठव्या इनिंगला आमच्याकडे ५-२ अशी आघाडी होती. आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला दिसत होता, तरी मॅनेजरने त्याला ठेवलं आणि बरोबरी झाली. अकराव्या इनिंगमध्ये यांकीजची बॅटिंग सुरू होताच त्यांच्या एरन बूनने आमच्या वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारला आणि मॅच संपली. आजोबांनी रेडिओ बंद केला. उठून सिंकमधले दोन कप विसळले, फडक्याने पुसले, कपाटात ठेवले आणि "गुड नाइट" म्हणून गेले. मी तिथेच बसून राहिलो. बेसबॉल मला तेव्हा निम्मंच कळत होतं, पण त्या माणसाची पाठ बघून पोटात जे तुटलं ते खरं होतं.

माझं म्हणणं असं की खुन्नस रक्तातून येत नाही. कुणाच्या शेजारी बसून हरलात, त्यातून ती येते. म्हणून ती माझी आहे. आणि चाहत्याने ती सोडू नये असंही मला वाटतं. ज्या टीमसमोर हरल्यावर काही दुखत नाही, तिच्याविरुद्धच्या विजयाला चव नसते.

एडिसनकाका

फ्रेमिंगहॅमकर, लिहिलंय मनापासून, पण मला पटलेलं नाही. मी १९९८ पासून न्यू जर्सीत आहे आणि यांकीजचा आहे.

तुमच्या लेखात दुःख आहे, पण ते आजोबांचं आहे. तुम्ही ते उसनं घेतलंत. माणसाबद्दल माया असणं समजतो. त्या मायेपोटी एका अख्ख्या शहराच्या टीमला पाण्यात पाहणं, आणि ते पुढे पोराकडून अपेक्षिणं, हे नाही समजत. उलट तुमचा मुलगा मला खरा चाहता वाटला. आठ इनिंग असं पिचिंग बघून हात आपोआप जुळायला हवेत.

मी यांकीजचा कसा झालो ते सांगतो. २००१ चा सप्टेंबर आम्ही इथून पाहिला. आमच्या ट्रेनमध्ये रोज दिसणारे दोन चेहरे पुन्हा कधी दिसले नाहीत. ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, मॅच न्यूयॉर्कला आल्या. लागोपाठ दोन रात्री नवव्या इनिंगला दोन आउट, दोन रन मागे. पहिल्या रात्री टिनो मार्टिनेझने, दुसऱ्या रात्री स्कॉट ब्रोशसने होमरन मारून बरोबरी केली. दोन्ही मॅच जिंकलो. सिरीज शेवटी ॲरिझोनाने नेली, ते वेगळं. पण त्या दोन रात्री आमच्या इमारतीत दारं उघडी होती, लोक जिन्यात येऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्यात रेड सॉक्स कुठेच नव्हते. मला माझी टीम आवडायला शत्रू लागला नाही.

दुसरं. बोस्टनवाल्यांनी गरीब बिचाऱ्याची भूमिका आता सोडावी. २००४ पासून तुम्ही चार वर्ल्ड सिरीज घेतल्यात : २००४, २००७, २०१३, २०१८. आमची त्या काळात एक, २००९ ची. तुमचा क्लबही बड्या श्रीमंतांपैकीच. मूकी बेट्ससारखा खेळाडू २०२० मध्ये लॉस एंजेलिसला दिलात, तो काही न्यूयॉर्कने पळवला नाही. आणि २०२३ पासून वेळापत्रक बदललंय. पूर्वी दोघांत सीझनमध्ये एकोणीस मॅच व्हायच्या, आता तेरा. ठसन राहिली आहे ती जाहिरातीत आणि तिकिटाच्या दरात.

पहाटेची_पाळी

मी पुण्याहून. माझ्याकडे आजोबाही नाहीत आणि जिनाही नाही :) म्हणून बोलायला आले.

काही वर्षं मी बोस्टनच्या एका क्लायंटसाठी रात्रपाळी केली. तिकडे संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात. पाळी संपता संपता तिकडच्या टीममधलं कुणीतरी स्कोअर टाकायचं. तिथून सवय लागली. नोकरी बदलली, पाळी सुटली, सवय राहिली. अजूनही यांकीजविरुद्धची सिरीज असली की उठते, घरातले जागे व्हायच्या आत चहा टाकते, आवाज बंद ठेवून बघते.

काका, मॅच कमी झाल्या म्हणून ठसन संपली, हे मला उलट वाटतं. एकोणीस होत्या तेव्हा मे महिन्यातली एखादी मंगळवारची मॅच सुटली तर चालायचं. आता तेरातली एकही सोडवत नाही.

आणि उसनं-पासनं म्हणाल तर अख्खा खेळच आपण उसना घेतलाय. मग प्रेम उसनं घेतलेलं चालतं आणि वैर चालत नाही, असं कसं?

फ्रेमिंगहॅमकर

@एडिसनकाका, २००१ च्या त्या दोन रात्रींबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. ते तुमचं आहे आणि फार मोठं आहे. बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ एप्रिल २०१३ ला, यांकी स्टेडियममध्ये मुद्दाम फेनवेवरचं आठव्या इनिंगचं गाणं वाजवलं गेलं, आणि न्यूयॉर्कचे लोक ते उभं राहून गायले. ते बघताना मी रडलोय. म्हणजे माणुसकी आणि खुन्नस एका घरात राहू शकतात, हे मला मान्यच आहे.

पण 'शत्रू लागला नाही' याला माझं उत्तर २००४ आहे. आमची विजेतेपदाची ८६ वर्षांची प्रतीक्षा संपली ती सेंट लुईसविरुद्ध. वर्ल्ड सिरीज ४-० ने जिंकली. त्या चार मॅचमधला एखादा प्रसंग बोस्टनच्या माणसाला विचारा, आठवावं लागेल. त्याआधीची यांकीजविरुद्धची सिरीज विचारा, चेंडूगणिक सांगेल. ०-३ ने मागे, तिसरी मॅच १९-८ ने घरच्या मैदानावर हरलेली. चौथीत नववी इनिंग, एका रनने मागे, समोर यांकीजचा शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर मारियानो रिव्हेरा. आमच्या मिलारला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस) मिळाला, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे चेंडू टाकला जाताच पळून गाठणार, हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. रिव्हेराने लागोपाठ तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला मागे लोटलं. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. त्यांच्या कॅचरचा, पोसाडाचा, थ्रो चांगला होता, दुसऱ्या बेसवर जीटरने टॅगही (चेंडू अंगाला लावणं) झटकन लावला, पण हात बेसला आधी लागला होता. पुढे आमच्या म्युलरचा हिट, बरोबरी, आणि रात्री एक वाजून गेल्यावर बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होमरन.

समोर दुसरी कुठलीही टीम असती तर तो चोरलेला बेस आकडेवारीतली एक ओळ झाला असता. सातवी मॅच त्यांच्याच मैदानावर १०-३ ने जिंकलो. ०-३ वरून सिरीज जिंकणं बेसबॉलमध्ये तोवर कुणालाही जमलं नव्हतं. त्या रात्री आजोबा कपाटातून कप काढून ठेवत होते, आणि त्यांचे हात थरथरत होते.

डेलीसिटीचा_दादरकर

इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सवाल्याला बोलू द्या. आमचं वैर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी, आणि धाग्याच्या प्रश्नाला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

दोन्ही टीम मूळच्या न्यूयॉर्कच्या. जायंट्स मॅनहॅटनमध्ये, डॉजर्स ब्रुकलिनमध्ये. १९५१ मध्ये ऑगस्टपर्यंत साडेतेरा गेम मागे पडलेल्या जायंट्सनी त्यांना गाठलं आणि ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनच्या होमरनवर लीग जिंकली. १९५७ चा सीझन संपल्यावर दोन्ही मालकांनी गाशा गुंडाळला आणि टीम कॅलिफोर्नियात आणल्या. १५ एप्रिल १९५८ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिली मॅच झाली ती डॉजर्सशीच, ८-० ने जिंकली. म्हणजे इथल्या लोकांनी वैर तीन हजार मैलांवरून आयात केलं. आज त्यांच्या नातवंडांना विचारा, हे उसनं आहे का म्हणून!

पण फ्रेमिंगहॅमकर, खुन्नस सोडू नये हे सरसकट म्हणू नका. २२ ऑगस्ट १९६५ ला आमच्या मारिशालने डॉजर्सच्या कॅचरच्या, रोझबोरोच्या, डोक्यात बॅट घातली. चौदा टाके पडले. पुढे रोझबोरोने त्याला माफ केलं, दोघं मित्र झाले, पण ते श्रेय त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं. आणि २०११ च्या पहिल्याच मॅचला लॉस एंजेलिसच्या पार्किंगमध्ये जायंट्सची जर्सी घातलेल्या एका माणसाला इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. दोन मुलांचा बाप. तेव्हापासून मी तिकडे मॅचला जातो तेव्हा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून जातो. पार्किंगमधून चालताना मुलीचा हात सोडत नाही. ही चेन मला लावावी लागू नये, एवढं तरी आपण सगळ्यांनी पाहायला हवं.

एडिसनकाका

दादरकर, तुमचा दाखला माझ्याच बाजूने जातो. ब्रुकलिनच्या लोकांचं काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या जपलेली टीम आणि तिच्याबरोबरचं वैर मालकाने उचललं आणि निघून गेला. म्हणजे हे वैर चाहत्यांच्या मालकीचं कधी नव्हतंच. जे एका सहीने दुसऱ्या किनाऱ्यावर जातं त्यावर मुलाशी भांडू नये, एवढंच मी म्हणतोय.

जॉनी डेमन आठवतो ना? २००४ च्या त्या सातव्या मॅचमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारणारा तुमचा लाडका. २००५ संपता संपता आमच्याकडे आला, दाढी-केस कापून. पुढच्या वर्षी फेनवेवर परतला तर तुम्ही त्याची हुर्यो उडवलीत. १९१८ नंतरचा पहिला कप मिळवून देणाऱ्या माणसाची! खुन्नस एवढी झाली की स्वतःच्या आनंदाचीही आठवण राहत नाही, तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

पहाटेची_पाळी

काका, डेमनला पहिल्या बॅटिंगला येताना काहींनी टाळ्याही वाजवल्या होत्या, आणि त्याने हेल्मेट काढून दाखवलं होतं. दोन्ही आवाज एकाच वेळी होते. मला तोच क्षण या सगळ्यात सर्वात खरा वाटतो.

ब्रुकलिनबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

फ्रेमिंगहॅमकर

दादरकर, चेनचं वाचून गप्प झालो. माझी खुन्नस मैदानाबाहेर एक पाऊलही जाऊ नये, हे बिनशर्त कबूल. फेनवेजवळच्या ट्रेनमध्ये यांकीजची जर्सी घातलेलं एखादं कुटुंब नेहमी कोपऱ्यात उभं दिसतं, ते आठवलं. पुढच्या वेळी त्यांना जागा देईन.

काका, मुलाशी भांडलो ही चूक झाली, ते त्याला काल सांगितलं. टाळ्या वाजवण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. पण मी वाजवणार नाही. वॉलपोलचा असला तरी त्याने ती जर्सी घातलीय, आणि आमचे बारा जण परत पाठवलेत. आजोबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या मुलीने तो रेडिओ मला दिला. मार्चअखेर सीझन सुरू झाला की आमच्या ओट्यावर तो लागतो, आणि यांकीजविरुद्धच्या तेराही मॅच मी त्याच्यावरच ऐकतो.

एडिसनकाका

ऐका. मीही ऐकतो, माझ्या बाजूच्या स्टेशनवर. पटलेलं नाही अजून.