हलकी विंग घरीच शिवायची आहे: पुढचा पाइप किती बारीक केला तर चालेल?

उद्यमबाग_ड्रॉइंग:
नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करतो. विंग फॉइलिंग (हातात फुगवलेला पंख, म्हणजे विंग, धरायची आणि पाण्याखालच्या पात्यावर, म्हणजे फॉइलवर, उचलल्या जाणाऱ्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर पळायचं) गोव्यात शिकलो आणि 5 चौरस मीटरची एक जुनी विंग विकत घेतली. चोर्ला घाट उतरून प्रत्येक रविवारी जाणं काही जमत नाही, आणि पावसाळ्यात समुद्र बंदच. म्हणून डोळा जवळच्या हिडकल धरणाच्या पाण्यावर आहे. ऑगस्टात धरण भरत आलं की पश्चिमेचा वारा बरा असतो, खरं तो एकसारखा नसतो. एक झोत येतो नि मध्येच पडतो. वारा पडला की विंग हातात लोंबते, टोक पाण्याला लागतं आणि बोर्ड खाली बसतो.

त्यामुळे हलकी विंग स्वतः शिवावी म्हणतो. वडील शहापुरात तंबू-ताडपत्री शिवायचे, त्यांची झिगझॅग मशीन घरात आहे. विचार असा आहे: लीडिंग एजचा, म्हणजे पुढच्या काठाचा फुगवायचा पाइप मध्यभागी 24 सेंटिमीटर आहे तो 19 करायचा, डॅक्रॉन या जाड पॉलिस्टर कापडाऐवजी कॅनोपीचंच (पंखाच्या पडद्याचं) पातळ रिपस्टॉप कापड त्याला वापरायचं, आणि कापडावर ताण नको म्हणून 7 ऐवजी 5 पीएसआय हवा भरायची. कुणी असं केलंय का?

संकेश्वर_फाटा:
भावा, विंग शिवायची तवा शिव, खरं आधी पाणी बघून ये. भरलेल्या धरणात काठाकाठानं बाभळी बुडालेल्या असतात आणि मासेवाल्यांची जाळी पसरलेली असतात. तुझ्या फॉइलचा दांडा पाण्यात पाऊण मीटर खाली जाणार, तो कशात अडकला तर विंग हलकी की जड हे कुणी विचारणार नाही. पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय उतरू नको. मासेवाल्यांशी चहा पिऊन ओळख कर, जाळी कुठं टाकलीत ते तेच सांगतील.

टिळकवाडी_निवृत्त:
निवृत्त प्राध्यापक आहे, विंग कधी हातात धरलेली नाही. पण हवेच्या नळीचं गणित शिकवलेलं आहे, तेवढं सांगतो. फुगवलेली नळी वाकवली की आतल्या बाजूला वळी पडते. ती पडेपर्यंत नळी जो जोर सोसते, तो दाबाच्या सरळ पटीत आणि त्रिज्येच्या घनाच्या पटीत बदलतो. 24 चे 19 केलेत की नळीची ताकद तिथेच निम्मी होते. वर दाब 7 वरून 5 वर आणलात तर ती मूळच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते.

आकड्यांत: 24 सेंटिमीटर आणि 7 पीएसआयला सुमारे 130 न्यूटन-मीटर. तुमच्या बेताने 46. आता मागणी पाहा. सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात 5 चौरस मीटरच्या पंखावर 29-30 किलोचा जोर येतो. अर्ध्या पंखाचा जोर मध्यापासून पाऊण मीटरच्या आत एकवटला धरला, तर 100 न्यूटन-मीटर होतात. त्यातला काही भाग कॅनोपी उचलते हे मान्य, पण 46 पुरणार नाहीत.

आणखी एक. हिडकलचं भरलेलं पाणी 2175 फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण 6 टक्के विरळ. गोव्यातल्या 5 चौरस मीटरच्या विंगचं काम तिथे 5.3 चौरस मीटरची करेल.

खानापूर_शिवण:
गोव्यात मोरजीला काइट (दोरीला धरून पाण्यावर पळायचे मोठे पतंग) आणि विंग दुरुस्तीच्या टेबलावर काम करत होते, आता खानापुरात घरी करते. सरांनी गणित सांगितलंच, मी टेबलावर काय येतं ते सांगते. पाइप कमी दाबाने चालवलेली विंग लगेच ओळखू येते. स्ट्रटच्या, म्हणजे मधल्या पुढून-मागे जाणाऱ्या पाइपच्या दोन्ही अंगांना, वीतभर अंतरावर, डॅक्रॉनवर आडवी पांढरी रेघ असते. नखाने चाचपलं की तिथलं कोटिंग सुटलेलं लागतं. प्रत्येक झोताला विंग तिथेच मिटली-उघडली, म्हणून ती रेघ. अशी विंग वजनाला हलकी असली तरी हाताला जडच, कारण झोत आला की आकार मोडतो आणि ओढ मिळायची ती मिळत नाही.

तेव्हा मधला पाइप 24 च ठेव, आणि दाबही 7 च. पाइप बारीक करून तीच ताकद हवी असेल तर दाब दुप्पट, 14 वर न्यावा लागेल. दाब गुणिले त्रिज्या एवढा ताण कापडावर येतो. आत्ता तो दर सेंटिमीटर रुंदीला 6 किलोच्या आसपास आहे, तो 9 च्या वर जाईल. अलुला म्हणून कॅनडाचं पॉलिइथिलीन धाग्याचं कापड निघालंय ते याचसाठी: हलकं, ताणत नाही, जास्त दाब घेतं. पण ते झिगझॅग मशीनवर बसून शिवायचं कापड नव्हे, त्याचे जोड चिकटवतात. कॅनोपीचं रिपस्टॉप पाइपला लावलंस तर पहिल्या दिवशी फुटणार नाही कदाचित, पण ताणत जाईल आणि पाइप केळ्यासारखा वाकेल. खडेबाजारातलं छत्रीचं कापड तर कशालाच नको.

मग वजन कुठून काढायचं? वजनकाट्यावर हिशोब कर. कॅनोपी चौरस मीटरला 50 ग्रॅमची, म्हणजे 5 मीटरला पाव किलो. पाइप आणि स्ट्रटचं डॅक्रॉन 170 ग्रॅमचं धर, दोन-अडीच चौरस मीटर लागतं, चारशेच्या आसपास. आतला टीपीयू प्लास्टिकचा ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ असला तरी तीनशे. झाला एक किलो. विंग मात्र अडीच-तीन किलोची असते. बाकीचं कुठे गेलं? पलीकडचं दिसायला कॅनोपीत बसवलेल्या खिडक्यांच्या जाड प्लास्टिकमध्ये, हँडलमध्ये, व्हॉल्व्ह आणि नळ्यांमध्ये, एकावर एक लावलेल्या ठिगळांत आणि शिवणीच्या मायेत. जिथे दोन पदर पुरतात तिथे चार असतात. कात्री तिथे लाव.

आणि मोठी गोष्ट ही. पाइप मध्ये 24 चा असला तरी टोकाला 8 चाच असतो. तिथे त्रिज्या तिसरा हिस्सा, म्हणून कापडावरचा ताणही तिसरा हिस्सा. टोकाच्या अर्ध्या मीटरला पातळ डॅक्रॉन खुशाल लाव, ठिगळं काढ, माया कमी ठेव. तू म्हणतोस ते टोक पाण्याला लागणं आहे ना, ते एकूण वजनापेक्षा टोकाच्या वजनामुळे जास्त होतं. हातापासून दीड मीटरवरचे शंभर ग्रॅम आणि हँडलजवळचे शंभर ग्रॅम सारखे नाहीत. दुकानदार मात्र एकच आकडा सांगतात.

शिवताना दोन गोष्टी. ब्लॅडर बाहेरच्या कापडापेक्षा थोडा मोठाच काप. टायर आणि ट्यूबसारखं आहे: जोर बाहेरच्याने घ्यायचा, आतल्याने फक्त हवा धरायची. लहान कापलास तर ब्लॅडरच ताण घेतो आणि फुटतो. आणि कॅनोपीच्या मागच्या काठाला कापड उरेब येऊ देऊ नको, उभा किंवा आडवा धागा काठाला समांतर हवा. उरेब काठ आठवड्याभरात सैल पडतो आणि मग विंग फडफडते, कानाला त्रास.

उद्यमबाग_ड्रॉइंग:
ताई, सर, दोघांचे आभार. पाइप 24 च ठेवतो. शीटमेटलचं डेव्हलपमेंट (पत्रा वळवण्याआधीचा सपाट आराखडा) रोज काढतो, त्यामुळे वाकड्या पाइपचे तुकडे ड्रॉइंगमध्ये काढून ठेवलेत. दोन शंका. खिडक्या पूर्ण काढल्या तर चालतील का? आणि पाइपच्या जोडाला सरळ टाका घालू की झिगझॅग?

खानापूर_शिवण:
झिगझॅगच, दोन ओळी. पाइप फुगला की कापड थोडं तरी ताणतं, सरळ टाक्याचा धागा तिथे तुटतो. आधी दुहेरी चिकटपट्टी लावून जोड बसव, नाहीतर घसरड्या कापडावर तुझ्या ड्रॉइंगचा मिलिमीटर मशीनखाली राहणार नाही. आपण ज्याला पाइप म्हणतो ती फुगवायची लीडिंग एज मूळची काइटची, फ्रान्सच्या लेगैनू बंधूंनी 1984 मध्ये पेटंट घेतलेली. तेव्हापासून कापडं बदलली, पण शिवणीचं दुखणं तेच आहे.

खिडकी पूर्ण काढू नको. संकेश्वरवाल्यांनी जाळी सांगितलीच. विंगच्या पलीकडचं काही दिसत नाही आणि मासेवाला तुझ्या वाटेत असू शकतो. हाताच्या दोन तळव्यांएवढी एकच ठेव, डोळ्याच्या उंचीला, स्ट्रटजवळ. तिथे तिचं वजन जाणवत नाही.

टिळकवाडी_निवृत्त:
दाब पाण्यात उतरायच्या जरा आधी पुन्हा मोजा. उन्हात 40 अंशाला 7 भरलेली विंग पाण्यात पडून 25 अंशाला आली की 6 वर येते. आणि उलट, सकाळी 25 अंशाला 7 भरून गाडीशेजारी उन्हात ठेवलीत नि आतली हवा 50 अंशाला गेली, तर पावणेनऊच्या जवळ जाईल. शिवण नवीन असताना हे करू नका.

संकेश्वर_फाटा:
शिवून झाली की कळव, पाण्यावर येतो. एक होडीवाला ओळखीचा हाय, पहिल्या दिवशी त्याला संगं ठेवू.