थोराड अंगाचा बॉक्सर मार जास्त पचवतो, यात तथ्य किती?

डिचोलीकर
बहिणीचा मुलगा म्हापशाला बॉक्सिंग शिकतो. वय सतरा, वजन साठ किलो. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात झाल्या, तेव्हापासून हे वेड. आता त्याचे प्रशिक्षक म्हणतात, तीन किलो उतरव आणि सत्तावनच्या गटात उतर. तिथे सगळ्यांत थोराड तूच दिसशील, समोरच्याचे ठोसे तुला लागणारच नाहीत. बहीण घाबरली आहे. मला मात्र प्रशिक्षकांचं पटतं. अंग मोठं तर सोसण्याची ताकद मोठी, नाहीतर वजनगट केले कशाला? धिरयोला, म्हणजे बैलांच्या झुंजीला, बंदी येण्याआधी ज्यांनी ती पाहिली असतील त्यांना विचारा, हलका बैल जड बैलापुढे किती वेळ टिकायचा?

पेडण्याचा नाना
धिरयो मी पाहिल्यात बाब. मोठा बैल शेपूट वर करून पळालेलाही पाहिलाय, त्यामुळे ते उदाहरण राहू दे. बॉक्सिंगचंच घे. 4 जुलै 1919, अमेरिकेतलं टोलेडो. जेस विलर्ड, साडेसहा फूट उंच, वजन 111 किलोच्या आसपास. समोर जॅक डेम्प्सी, जेमतेम 85 किलो. पहिल्याच राउंडमध्ये विलर्ड सात वेळा खाली. चौथ्या राउंडला तो खुर्चीवरून उठलाच नाही. कुठे गेलं ते थोराड अंग?

डिचोलीकर
सात वेळा पडला, पण सातही वेळा उठला ना! 85 किलोचा दुसरा कोणी असता तर पहिल्या पडण्यालाच संपला असता. नाना, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

पेडण्याचा नाना
उठून काय मिळवलं रे, आणखी मार?

शिरोड्याची फिजिओ
दोघेही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. ठोसा पोटात-बरगडीत बसणं वेगळं आणि हनुवटीवर बसणं वेगळं. धडावरचा मार सोसायला स्नायू, चरबी आणि एकूण वजन उपयोगी पडतं, हे खरं. तरी उजव्या बरगडीखाली यकृतावर नेमका बसला तर शंभर किलोचा गडीही गुडघ्यावर येतो. शुद्ध असते, पण उठता येत नाही.

डोक्याचा हिशेब निराळा. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवा, आतला गोटा खडखडतो. मेंदू असा सुटा नसतो, तो द्रवात असतो. पण कवटी झटक्यात फिरली की तो मागे राहतो आणि ताणला जातो. हनुवटी हे त्या फिरवण्याचं टोक, म्हणून हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, तिथे बसला की दिवे जातात. आता बघा, माणूस साठ किलोचा असो की एकशेवीसचा, डोक्याचं वजन साधारण पाच किलोच्या आगेमागेच. अंग दुप्पट झालं म्हणून डोकं दुप्पट होत नाही. समोरच्या वजनदार बॉक्सरचा ठोसा मात्र खूपच जड होतो. हेवीवेटमध्ये एका ठोशात निकाल लागतात ते यामुळे. मार पचवण्यात फरक पडतो तो मानेमुळे, आणि ठोसा येताना दिसला की नाही यामुळे. दिसला तर मान आपोआप आवळली जाते. न दिसलेला ठोसा सगळ्यांत वाईट.

कांपालचा पंख्या
क्लिच्को बंधू आठवा. विताली आणि व्लादिमीर, आई-बाप तेच, दोघे दोन मीटरच्या आसपास. विताली 47 लढतींत एकदाही खाली पडला नाही. 2003 मध्ये लेनॉक्स लुईसकडून हरला तो डोळ्यावरच्या जखमेमुळे, तेव्हाही पायावर उभा होता. आणि धाकटा? 2003 मध्ये कोरी सँडर्सने दुसऱ्याच राउंडला उडवला, पुढच्याच वर्षी लेमन ब्रूस्टरने. मापं सारखी, घर एकच. मग अंगाचा प्रश्न आला कुठे? 'चिन', म्हणजे हनुवटीवरचा मार पचवायची ताकद, ही उपजत गोष्ट आहे, मरे. असते किंवा नसते.

डिचोलीकर
उपजत म्हटलं की चर्चाच संपली! टायसन फ्यूरीचं काय? डिसेंबर 2018, बारावा राउंड, वाइल्डरने असा पाडला की मी टीव्हीसमोर चहाचा कप खाली ठेवला. वाटलं, संपलं. दहा व्हायच्या आत गडी उभा, आणि राउंड पूर्ण केला. फ्यूरी 116 किलो, वाइल्डर 96. वीस किलोंचा फरक होता म्हणूनच उठला.

कांपालचा पंख्या
मग तोच वाइल्डर बाकीच्या जाडजूड लोकांना झोपवत होता ते कसं? आणि वाल्युएव, सात फूट, 143 किलो. 2009 मध्ये डेव्हिड हेने त्याच्याभोवती फिरून फिरून गुण घेतले आणि शेवटच्या राउंडला त्याला हलवलाही. हा डेव्हिड शंभर किलोच्याही आतला.

शिरोड्याची फिजिओ
फ्यूरीच्या अंगाचा त्याला फायदा होतो, पण तो वेगळा. तो समोरच्याच्या अंगावर रेलतो, मानेवर भार टाकतो, दमवतो. दमलेल्याचे ठोसे हलके पडतात. याला मार पचवणं म्हणत नाहीत, समोरच्याला मारू न देणं म्हणतात.

आणि चिन निव्वळ उपजत असते हेही मी मानत नाही. जॉर्ज चुवालो, कॅनडाचा. 93 लढती, अलीशी दोनदा, फ्रेझर, फोरमन सगळ्यांशी खेळला. एकदाही खाली पडला नाही. त्याचे फोटो काढून बघा, कानाखालून थेट खांदाच सुरू होतो. अर्थात न पडणं म्हणजे इजा न होणं नव्हे. उभं राहून जास्त ठोसे खाल्ले की पुढे मेंदूची किंमत मोजावी लागते.

वाळपयचा जुना ग्लोव्ह
मोठमोठी नावं चाललीत, मी माझं सांगतो. कॉलेजात असताना मला असाच चार किलो उतरवायला लावला होता. प्रशिक्षकाचं नाव घेत नाही. मे महिना, वर प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर स्वेटर, आणि मैदानाला फेऱ्या. आदल्या दिवशी पाणी बंद. तोंडात बर्फाचा खडा धरायचा आणि थुंकायचा. घरी आईने सुंगटाचं हुमण केलेलं, मी अंगणात बसून राहिलो. सकाळी काट्यावर बरोबर बसलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. गटात मीच सर्वांत उंच होतो.

पहिला राउंड ठीक. दुसऱ्यात पाय वाळूत रुतल्यासारखे. डावा हात गालाशी ठेवायचा हे कळत होतं, पण तो आपोआप छातीपर्यंत खाली यायचा. एरवी ज्याने मी हसलो असतो असा ठोसा कानशिलावर बसला आणि पुढचं आठवतं ते एकदम बाकावर बसल्याचं. कोणीतरी विचारत होतं, आज वार कोणता? मी सांगितलेला वार चुकीचा होता.

डिचोलीकर, एक गोष्ट लक्षात घ्या. व्यावसायिक बॉक्सरचं वजन आदल्या दिवशी होतं, नंतर खाऊन-पिऊन तो पुन्हा भरून येतो. आपल्या पोरांचं वजन लढतीच्या दिवशीच सकाळी. परत भरायला वेळच कुठे? टीव्हीवरचा हिशेब इथे लावू नका.

पेडण्याचा नाना
दुक-कू किम. दक्षिण कोरियाचा, लाइटवेट, म्हणजे 61 किलोंचा गट. नोव्हेंबर 1982, लास व्हेगासला मँसिनीशी. चौदाव्या राउंडला पडला, चार दिवसांनी गेला. त्यानंतर पंधराचे बारा राउंड झाले. हलक्या गटात धोका कमी असतो असं समजणाऱ्यांसाठी सांगितलं.

डिचोलीकर
नाना, हे बहिणीला वाचायला देऊ नका. तिने वाचलंच आहे म्हणा.

तरी माझं म्हणणं मी पूर्ण सोडत नाही. साठच्या पोरापुढे ऐंशीचा उभा केला तर निकाल मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही.

शिरोड्याची फिजिओ
ठाऊक आहे, कारण ऐंशीवाल्याचा ठोसा जड. वजनगट त्यासाठीच आहेत. हेडगार्ड आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. त्याने भुवई फुटत नाही, डोकं फिरायचं थांबत नाही. मुलाची मान मोजलीत का कधी?

डिचोलीकर
मान नाही मोजली. काल रात्री वजन केलं, 60.4. दुपारी दोन वेळा भात वाढून घेतला होता. प्रशिक्षकांना फोन बहीणच करणार आहे, मला मध्ये पडू नको म्हणाली. शिवणाच्या डब्यात टेप होती, ती शोधतोय.