सहा आठवड्यांची मुलगी एकाच बाजूला मान ठेवते, क्रेनिओसॅक्रल थेरपी करावी का?

मीनल_लालबाग
मुलगी उद्या सहा आठवड्यांची होईल. व्हॅक्यूम लावून झाली. पाळण्यात कशीही ठेवली तरी थोड्या वेळात हनुवटी डाव्या खांद्याकडे जाते. डोकं मागून डावीकडे चपटं दिसायला लागलंय. उजवीकडे पाजलं की नीट पिते, डावीकडे घेतलं की सोडून देते आणि रडते. संध्याकाळी सात ते दहा तर सलग रडणं.

मैत्रिणीने एका क्लिनिकचं नाव दिलं. तिथे नवजात बाळांना क्रेनिओसॅक्रल थेरपी देतात, म्हणजे डोक्याला आणि पाठीच्या कण्याला अगदी हलक्या हाताने स्पर्श करतात. सहा सेशन्स, पंधरा हजार. त्या बाई म्हणाल्या, जन्माचा ताण कवटीत अडकलाय. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. इकडे तेल लावायला येणाऱ्या मावशी म्हणतात, मी मान ओढून सरळ करते. सासूबाईंनी राईची उशी शिवलीय. कुणाचं ऐकू?

ठाणेकर_बाबा
आम्ही मुलासाठी केली होती, रडण्यासाठी. तिथे तो शांत झोपायचा हे खरं. घरी आलं की पुन्हा तेच. चौथा महिना लागला आणि रडणं आपोआप गेलं. तोवर चार सेशन्स झाली होती, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते आम्हाला ठरवता आलं नाही.

सुहासकाकू_मुलुंड
मीनल, आधी मावशींना सांग, मानेला हात लावायचा नाही. आजच सांग. मी महापालिकेच्या रुग्णालयात नवजात शिशू कक्षात एकतीस वर्षं परिचारिका होते. मान ओढून सरळ होत नाही, बाळाला इजा मात्र होते.

या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. चेहरा डावीकडे आणि डोकं किंचित उजव्या खांद्याकडे कललेलं असेल, तर उजव्या बाजूचा मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. टॉर्टिकॉलिस म्हणतात त्याला. कधीकधी त्या स्नायूत छोटी गाठ हाताला लागते. लागली तर घाबरू नकोस, ती स्नायूतलीच असते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत विरते. डॉक्टर सोनोग्राफी सांगतील कदाचित. खुबेही तपासून घे, कारण या बाळांमध्ये खुब्याचा दोष थोडा जास्त आढळतो. मग फिजिओथेरपिस्ट तुला ताण द्यायची पद्धत शिकवतील. ती तू लंगोट बदलताना दिवसातून अनेकदा करायची. लवकर सुरू केलं की बहुतेक बाळं वर्षाच्या आत बरी होतात, ऑपरेशन क्वचितच लागतं.

आता थेरपीचं. जॉन अपलेजर नावाच्या अमेरिकी ऑस्टिओपॅथने १९७० च्या दशकात ती मांडली. स्पर्श पाच ग्रॅमचा, म्हणजे एखाद्या नाण्याच्या वजनाएवढा. एवढ्या हलक्या हाताने सहसा काही बिघडत नाही. पण कवटीत ताण अडकतो आणि बोटांनी सुटतो, याला पक्का पुरावा नाही. तुझ्या बाळंतपणात काही चुकलं म्हणून हे झालं, असं तर मुळीच मनात आणू नकोस. संध्याकाळचं रडणंही साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. मात्र ताप आला, हिरवी उलटी झाली किंवा बाळ दूध घेईना, तर तडक डॉक्टर.

स्पर्शाला मी कमी लेखत नाहीये. आमच्या कक्षात दीड किलोची बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवली की श्वास संथ व्हायचा, पाय पोटाशी यायचे, हे मी रोज पाहिलंय. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासातही खोबरेल तेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त चांगलं वाढलं होतं. पंधरा हजारांत मिळणारा तो हलका हात तुझ्याकडेच आहे गं.

आंघोळीआधी तळहात एकमेकांवर घासून गरम कर. तेल लगेच लावू नकोस. नुसता हात तिच्या छातीवर ठेव, दाबू नकोस. आधी तिच्या मुठी आवळलेल्या असतील. थोड्या वेळाने अंगठा बाहेर येतो, मग एकेक बोट उलगडतं. तेव्हा तेल घे, पायांपासून सुरू कर. तिने तोंड फिरवलं, पाठ ताणली, की थांब. टाळू भरताना बोटांचा भार नको.

राईची उशी काढून ठेव. सासूबाईंनी प्रेमाने शिवली आहे, त्यांना सांग डॉक्टरांनी सांगितलंय. ते खरंच सांगतील. झोपवायचं पाठीवर, उशीशिवाय. जागी असताना मात्र दिवसातून चार-पाचदा तुझ्या छातीवर पालथी घाल. बोलायचं, खुळखुळा वाजवायचा तो तिच्या उजवीकडून. डावीकडे पाजताना तिला आडवी न घेता काखेखाली धरून बघ, पाय तुझ्या पाठीकडे. तशी तिला मान वळवावी लागणार नाही.

मीनल_लालबाग
काकू, बारा दिवसांनी लिहितेय. उजव्या बाजूला करवंदाएवढी गाठ निघाली. खुबे ठीक आहेत. फिजिओथेरपिस्टनी दोन प्रकारचे ताण शिकवले, पहिल्या दिवशी माझेच हात थरथरत होते. क्लिनिकला नाही कळवलं. काखेखाली धरून ती डावीकडेही पितेय. मावशी आधी रागावल्या, मग माझ्याबरोबर फिजिओकडे आल्या आणि आता तेल लावताना त्याच तिला उजवीकडून हाक मारतात. काल तिने मान मधोमध आणली आणि थोडी पुढे नेली, मावशींच्या बांगड्यांकडे बघायला.

एक विचारायचं होतं, ताण देताना ती रडली तर थांबायचं का?

सुहासकाकू_मुलुंड
कुरकुरली तर गाणं म्हणत हळू कर. जोरात रडली तर सोड, जवळ घे, पुढच्या लंगोटाला पुन्हा. जबरदस्ती नाही. आणि पुढच्या भेटीत फिजिओना करून दाखव, तुझा हात कुठे बसतोय ते त्या बघतील.