‘खुतबा आणि सिक्का आपल्या नावाने केला’ : इथे शिक्का म्हणजे काय?

प्रश्न : दिल्ली सल्तनतीवरच्या लेखनात ‘अमक्याने खुतबा व सिक्का आपल्या नावाने चालवला’ असे वाक्य वारंवार येते (खुतबा म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचे प्रवचन). मराठीत शिक्का कागदावर मारतात. मग इथे ‘राजमुद्रा उमटवली’ असे लिहावे का?

प्रतिसाद १ : नको. ‘नाणे पाडले’ असेच लिहा. अरबी ‘सिक्का’ म्हणजे मुळात नाणे पाडायचा ठसा, त्यावरून नाणे. हिंदीत तोच अर्थ टिकला, मराठीत मात्र शब्द कागदावरच्या मुद्रेकडे सरकला. गंमत म्हणजे फारसी ‘मुहर’ उलट्या दिशेने गेला : मूळ अर्थ मुद्रा, पण आपल्याकडे मोहोर म्हटले की आधी सोन्याचे नाणे आठवते. ‘मोहोरबंद’मध्ये तेवढा जुना अर्थ उरला आहे. ‘मुद्रा’ लिहिल्याने अर्थही बिघडतो. मुद्रा काझी, वजीर, सुभेदार अशा कित्येकांकडे असे. नाण्यावर नाव घालण्याचा हक्क मात्र फक्त सुलतानाचा.

प्रतिसाद २ : खुतब्याचेही तसेच. नुसते ‘प्रवचन’ लिहिले तर मुद्दाच निसटतो. शुक्रवारी दुपारच्या सामुदायिक नमाजाआधी खतीब (प्रवचन देणारा) तो दोन भागांत वाचतो, आणि दुसऱ्या भागात राज्यकर्त्यासाठी दुआ मागण्याची प्रथा होती. तिथले नाव बदलले की राज्य बदलले, हे गावाला त्याच दिवशी कळे. एखाद्या प्रांतात सुलतानाचे नाव गाळणे म्हणजे उघड बंड.

नाण्याचे काम सावकाश पण लांबवर चाले. दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याने चांदीचा टंका (नाणे) सुमारे 11 ग्रॅम वजनाचा ठरवला. खालचा ठसा ऐरणीत पक्का, वर धातूची चकती, तिच्यावर हातातला ठसा, मग घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असला की कडेचा मजकूर बाहेर जाई. म्हणून पुष्कळ नाण्यांवर टाकसाळीचे नाव किंवा हिजरी साल अर्धेच सापडते. त्याच इल्तुतमिशला 1229 मध्ये बगदादच्या खलिफाकडून खिलअत (मानाचा पोशाख) आणि मान्यता मिळाली. 1258 मध्ये मंगोलांनी त्या घराण्यातल्या शेवटच्या बगदादी खलिफाला मारले, तरी दिल्लीच्या नाण्यांवर त्याचे नाव पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिले! सत्तेला मान्यतेची किती गरज होती, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

प्रतिसाद ३ : नावाच्या जोराला मर्यादाही होती. मुहम्मद तुघलकाने 1330 च्या सुमारास पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या भावाने चालवली. त्यांवर ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची (ईश्वराची) आज्ञा पाळतो’ अशा अर्थाचा अरबी मजकूर होता. पण धातू स्वस्त आणि ठशात नक्कल करायला अवघड असे काहीच नाही, त्यामुळे घरोघर खोटी नाणी पडू लागली. शेवटी ती खजिन्यात परत घेऊन सोने-चांदी मोजून द्यावी लागली.

प्रश्नकर्ता : मग 1347 मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य उभे राहिले, त्याबद्दल ‘हसनने आपल्या नावाने खुतबा वाचवला व नाणे पाडले’ हे चालेल?

प्रतिसाद १ : चालेल, फक्त ‘वाचवला’ऐवजी ‘वाचायला लावला’ करा, नाहीतर खुतबा संकटात होता असे वाटेल. शिवाजी महाराजांच्या बाबतीत दोन्ही शब्द वेगळे ठेवा : होन आणि शिवराई ही नाणी, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा शिक्का. पत्राच्या शेवटी येणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब. हा शब्द फारसी ‘मुरत्तब’वरून आला; कागद पुरा झाला, यापुढे कोणी ओळ घुसवू नये, यासाठी ती उमटवत. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द त्यातूनच झाला आहे.