मदत हवी आहे: फक्त मजकूर चालणाऱ्या ईमेल गटात फोटो कसे दाखवावेत?

टेकडीफिरस्ता

पुण्यातल्या टेकड्यांवरची झाडंझुडपं आणि पक्षी ओळखण्यासाठी आमचा एक ईमेल गट आहे. सभासद दोनशेच्या आसपास. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव, कवडी पाट इथल्या नोंदी येत असतात. गट पहिल्यापासून साध्या मजकुराचा आहे. अटॅचमेंट जोडली की मेल संचालकांच्या मंजुरीसाठी अडकतो, नाहीतर फोटो गळून नुसता मजकूर पोचतो.

पाऊस सुरू झाला की 'हे कोणतं झुडूप?' अशा मेलांची रीघ लागते आणि जो तो आपापल्या पद्धतीनं फोटो दाखवतो. कुणाची ड्राइव्हची लिंक उघडत नाही. कुणी 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, तिकडे बघा' लिहितं, पण बरेच सभासद तिकडे नाहीत.

मजकुराचा नियम मला टिकवायचा आहे, कारण जुन्या नोंदी शब्द टाकून शोधता येतात हेच या गटाचं बळ आहे. तरी निदान छोटे फोटो चालतील इतकी मर्यादा वाढवावी का? नसेल तर फोटो कुठे ठेवावेत, म्हणजे लॉगिन न करता सगळ्यांना दिसतील? घरटी आणि दुर्मिळ वनस्पतींची जागा फोटोतून फुटू नये म्हणून काय करावं? गटात दोघे दृष्टिहीन सभासद आहेत, आवाजावरून पक्षी अचूक सांगतात. फोटोचा मेल त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरू नये, तर त्यात काय लिहावं?

मेलकरी

मर्यादा वाढवू नका. मेलमन हा ईमेल गट चालवणारा प्रोग्राम वापरणाऱ्या गटांत एका संदेशाची मूळ मर्यादा ४० केबी असते. मजकुराला ती भरपूर आहे. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळी चिन्हं म्हणून मोजल्या जातात. मेल पाठवताना आकारात होणारी वाढ धरली तरी दहा हजारांच्या आसपास चिन्हं मावतात. इतका मोठा मेल सहसा कुणी लिहीत नाही.

फोटोचं गणित वेगळं. ईमेल ही मुळात अक्षरं वाहणारी यंत्रणा आहे, म्हणून जोडलेला फोटो बेस-६४ पद्धतीनं अक्षरांत बदलून जातो. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबी होतो. तो दोनशे पेट्यांत पोचला की ८०० एमबी झाले, एका झुडपापायी. दिवसभराचे मेल एकत्र मागवणाऱ्यांना तर फोटोच्या जागी कधीकधी निरर्थक अक्षरांची पानंच्या पानं येतात.

तेव्हा लिंकच द्या, पण ती नीट द्या. साधा मजकूर पाठवणारे बरेच प्रोग्राम सत्तर-ऐंशी अक्षरांवर ओळ मोडतात. लांब लिंक दोन ओळींत तुटली की फक्त पहिला तुकडा निळा होतो आणि त्यावर टिचकी मारली की 'पान सापडत नाही'. उपाय असा: लिंक स्वतंत्र ओळीवर, वर-खाली एक-एक कोरी ओळ, आणि लिंक < > या खुणांच्या आत. या खुणा दिल्या की लिंक कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बहुतेक प्रोग्रामना कळतं.

मराठी मेलांत आणखी एक घोळ नेहमीचा आहे. लिंकला 'वर', 'मध्ये' असे प्रत्यय चिकटवले जातात किंवा वाक्य संपलं म्हणून लागूनच पूर्णविराम दिला जातो. तो लिंकचाच भाग समजला जाण्याचा संभव असतो. 'फोटो खालच्या लिंकवर आहेत' असं वाक्य आधी पूर्ण करा, मग लिंक.

लघुदुवे, म्हणजे लांब लिंकऐवजी मिळणाऱ्या छोट्या लिंका, टाळा. एकतर ते कुठे नेतात ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि मधली सेवा बंद झाली की मूळ फोटो शाबूत असूनही वाट तुटते. गूगलनं स्वतःच्या लघुदुव्यांपैकी वापरात नसलेले २०२५ मध्ये बंद केले.

सहकारनगरकर

'लिंक उघडत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा परवानगी हेच असतं. ड्राइव्हवर फाइल चढवली की ती 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे मालकाशिवाय कुणालाही दिसत नाही. वरच्या पट्टीतली लिंक नुसती उचलून मेलमध्ये डकवली की समोरच्याला प्रवेशाची विनंती पाठवायला सांगितलं जातं. 'शेअर' उघडा, 'जनरल अ‍ॅक्सेस' खाली 'एनीवन विथ द लिंक' निवडा, बाजूची भूमिका 'व्ह्यूअर' ठेवा ('एडिटर' नको), मग 'कॉपी लिंक'. पाठवण्याआधी तीच लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे तुम्ही लॉगिन नसता, म्हणून सभासदाला जे दिसणार तेच दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि दोनशे जणांचा खोळंबा वाचतो.

चार-पाच फोटो असतील तर गूगल फोटोजचा अल्बम सोयीचा. लिंक असलेल्याला लॉगिनशिवाय दिसतो. पण अल्बमच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन दोन गोष्टी बघाच. 'कोलॅबोरेट' बंद करा, नाहीतर लिंक मिळालेले इतर लोक त्यात फोटो घालू शकतात. फोटोंचं ठिकाण दाखवण्याचा पर्यायही बंद करा. शिवाय अल्बमवर तुमच्या खात्याचं नाव आणि चित्र दिसतं. गटात टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. जागेचाही विचार करा: १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असलेल्या १५ जीबीत मोजले जातात. जागा भरली म्हणून कुणी जुना अल्बम उडवला की गटातली नोंद पोरकी होते.

फुकट सेवांच्या भरवशावर संग्रह उभा करू नये. २०१७ मध्ये फोटोबकेटनं इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवण्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि जगभरच्या जुन्या चर्चांमधली चित्रं एकदम गायब झाली. टायनीपिक २०१९ मध्ये बंद पडलं. इमगुरनं २०२३ मध्ये, खात्याशिवाय चढवलेली आणि कुणी बघत नसलेली चित्रं काढून टाकायचं धोरण आणलं. फ्लिकरच्या मोफत खात्याला १००० फोटोंची मर्यादा आहे.

ओळख पटलेला, चांगला, स्वतः काढलेला फोटो कायम राहावा असं वाटत असेल तर विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवा. मात्र तिथे मुक्त परवाना द्यावा लागतो. तो मागे घेता येत नाही आणि व्यापारी वापरालाही मुभा असते. हे मान्य असेल तरच.

पर्णिका

वनस्पतींपुरतं लिहिते. फोटो दिसला तरी ओळख पटेलच असं नाही, आणि नीट वर्णन असेल तर पुष्कळदा फोटो उघडायचीही गरज पडत नाही. मोई आणि सालई ही झाडं घ्या. दोन्हींची पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका. दोन्ही उन्हाळ्यात निष्पर्ण. लांबून काढलेल्या फोटोत फरक सांगणं कठीण. पण 'पर्णिकांच्या कडा दातेरी, खोडाची साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते' एवढं वाक्य मेलमध्ये असेल तर सालईकडे बोट जातं. कडा अखंड असतील तर मोईचा विचार करायचा. हे वाक्य लिंक मेल्यावरही शोधात सापडेल.

म्हणून मेल असा असावा:

विषय: ओळख हवी – वृक्ष – वेताळ टेकडी – जून – ४ फोटो

झाड अंदाजे ६ मीटर. संयुक्त पानं, फांदीच्या टोकाशी गर्दी. पर्णिका समोरासमोर, कडा दातेरी. साल राखाडी, पातळ पापुद्रे. फुलं-फळं नाहीत. जागा उताराची, मुरमाड.
फोटो १ पूर्ण झाड, २ पानाची वरची बाजू, ३ पानाची खालची बाजू, ४ साल.

मग कोरी ओळ आणि लिंक. विषयात नुसतं 'प्लीज आयडी' लिहिलं तर वर्षभरानं तो मेल कुणालाच सापडणार नाही.

फोटो काढताना पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला चिकटतं ती जागा, फूल समोरून आणि बाजूनं, आणि मापासाठी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. फूल तोडून हातात धरलेला फोटो नको.

आकाराबद्दल: आधी कातरा, मग लहान करा. क्रम उलटा झाला की फुलाच्या वाट्याला मूठभर पिक्सेल उरतात. ओळखीसाठी लांब बाजू २००० पिक्सेल पुरे, नुसतं दाखवायचं असेल तर १२०० सुद्धा चालतात. जेपेगचा दर्जा ८० च्या आसपास ठेवा. संगणकावर स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच काम करतं, फोटो दुसरीकडे जात नाही. आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावं, कारण एरवी फोटो एचईआयसी प्रकारात साठतो आणि ती फाइल जुन्या संगणकांवर उघडत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पुढे ढकलू नका. तो आधीच दाबला गेलेला असतो, पानावरची लव आणि शिरा पुसल्या जातात. शिवाय तो कुणाचा ते ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवर सहसा काढणाऱ्याचाच हक्क असतो, गटात फिरतो म्हणून तो सार्वजनिक होत नाही.

कवडीपाट

ठिकाणाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फोनचा फोटो आपल्या पोटात अक्षांश-रेखांश घेऊन फिरतो. ही एक्झिफ नोंद बऱ्याचदा काही मीटरपर्यंत अचूक असते. ड्राइव्हवर मूळ फाइल ठेवली तर नोंद तशीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. दर्जा टिकावा म्हणून लोक नेमकं डॉक्युमेंटच पाठवतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे टेकडीवर जाण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करणं. आधी काढलेल्या फोटोंसाठी: विंडोजमध्ये फाइलवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन'. तिथे नवी प्रत बनवण्याचा पर्याय घ्या, म्हणजे मूळ नोंद तुमच्याकडे राहते. अनेक फाइली एकदम निवडल्या तरी चालतं. आयफोनवर 'शेअर' दाबल्यावर वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'लोकेशन' बंद करता येतं.

एवढ्यानं काम संपत नाही. मागे वेताळाचं देऊळ किंवा खाणीचा कडा दिसत असेल तर माहीतगाराला जागा कळते. अल्बम वेळेच्या क्रमानं लावलेला असतो. देवळाचा फोटो, चार मिनिटांनी घरट्याचा फोटो, एवढ्यावरून अंतर काढता येतं. बऱ्याच फोनांत फाइलच्या नावातच तारीख-वेळ असते. म्हणून संवेदनशील फोटो सहलीच्या अल्बमात घालू नका, वेगळा ठेवा, नाव बदला, घट्ट कातरा.

घुबडाचं घरटं, पिल्लं, कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती आणि आमरी (ऑर्किड) यांच्या बाबतीत गटात ठिकाण 'पुणे परिसर' एवढंच असावं. कंदीलपुष्पाचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आमरी शोभेसाठी उपटून नेतात, आणि घरट्याभोवती माणसांची ये-जा वाढली की पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात. विणीच्या काळात घरट्याचे फोटो गटात घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीसाठी त्यांची गरज नसते.

नोंद शास्त्रीय उपयोगाची राहावी असं वाटत असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि 'जिओप्रायव्हसी'त 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. मग लोकांना नेमकी जागा न दिसता ०.२ अंशांची चौकट दिसते, म्हणजे साधारण २२ किलोमीटर बाजूची. पुण्याचा मोठा भाग तिच्यात बसतो. ती लिंक गटात द्यायला हरकत नाही.

श्रवण

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांच्या बाजूनं. एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर अख्खी लांब लिंक वाचत सुटतो, म्हणून लिंक मेलच्या शेवटी हवी, वर्णन आधी. 'खाली बघा कसा सुंदर आहे' यातून काहीच कळत नाही. 'पाण्याकाठी दगडावर बसलेला धीवर, डोकं तपकिरी, गळा-छाती पांढरी, पाठ निळी, चोच लाल' हे ऐकून चर्चेत भाग घेता येतो. फोटोवर अक्षरं लिहू नका. चित्रातला मजकूर वाचून दाखवला जाईलच असं नाही. फलकाचा फोटो असेल तर फलकावरचे शब्द मेलमध्ये टंका. पक्ष्याचा आवाज ऐकला असेल तर तोही शब्दांत लिहा: किती स्वर, चढता की उतरता, किती वेळानं पुन्हा.

टेकडीफिरस्ता

मनापासून आभार. गटासाठी नियमाचा मसुदा असा करतोय, चूक असेल तर सांगा:

'फोटो जोडू नयेत, लिंक द्यावी. मेल लिंकशिवायही समजला पाहिजे. विषयात प्रकार, परिसर, महिना आणि फोटोंची संख्या. प्रत्येक फोटोचं एका ओळीत वर्णन. लिंक शेवटी, स्वतंत्र ओळीवर, < > मध्ये, इनकॉग्निटो खिडकीत तपासून. फोटो स्वतः काढलेला, किंवा काढणाऱ्याच्या परवानगीनं आणि नावासह. ठिकाणाची नोंद काढलेली. विणीच्या काळात घरटी नाहीत. फोटोत माणसं ओळखू येत असतील तर त्यांना विचारून, मुलांच्या बाबतीत पालकांना विचारून. ओळख पटल्यावर विचारणाऱ्यानं त्याच धाग्यात नाव आणि ओळखीची खूण लिहावी.'

मेलकरी

चांगला आहे. दोन भर घाला. उत्तर देताना मूळ मेल अख्खा खाली ठेवू नये, ज्या वाक्याला उत्तर आहे तेवढंच ठेवावं, नाहीतर दहाव्या उत्तरापर्यंत ४० केबी भरतात. आणि लिंक किती दिवस राहील ते फोटो देणाऱ्यानं लिहावं: 'डिसेंबरअखेर काढून टाकणार' इतकं पुरे, म्हणजे ज्याला हवा तो वेळेत बघून घेईल.

कवडीपाट

'ठिकाणाची नोंद काढलेली' च्या पुढे 'आणि पार्श्वभूमी तपासलेली' जोडा. सरसकट नको, फक्त घुबडं, आमरी आणि कंदीलपुष्पं यांच्यासाठी. पाषाण तलावावरच्या बगळ्याला एवढी तपासणी लावली तर लोक फोटो द्यायचंच सोडतील.